बांधकऱ्याचा आवाज

देवेश गॅलरीतला फोन आटपून परत आला, तर त्याच्या खोलीत हशा पिकला होता आणि त्या हशाच्या मधोमध त्याचे बाबा बोलत होते. तो दारातच थबकला. रविवारची दुपार, चारचा सुमार. आईने तळून दिलेल्या बोंबलांची ताटली घेऊन बाबा वर आले असणार. ताटली टेबलावर होती आणि तुळशीराम, म्हणजे बाबा, टेबलापुढच्या चाकांच्या खुर्चीच्या अगदी कडेला, ती मागे पळेल की काय अशा बेताने टेकले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान लॅपटॉपकडे. खोलीत माणूस तेवढा एकच. हसणारे तिघं लॅपटॉपच्या आत होते: पुण्याची क्षितिजा, ठाण्याचा सार्थक आणि फारसं न बोलणारी विनिता.

"मग शेवटी बांध विकलात की नाही, बांधकरी?" क्षितिजा विचारत होती.

"इकला ना. सगल्यांनीच इकला," बाबा म्हणाले. "माजी सही शेवटची व्हती. खोटा कशाला बोलू?"

पुन्हा हशा. सार्थकचा माइक कुठेतरी आपटला. "कसला आवाज काढतोस यार," तो म्हणाला. बाबांना ते कळलं नाही, त्यांनी नुसतं "हां" म्हटलं.

आता हे झालं कसं ते सांगायला हवं, कारण पुढे आठवडाभर देवेश तेच स्वतःला सांगत राहिला, दर खेपेला आपली चूक थोडी लहान करून. हे चौघं दर रविवारी दुपारी एक खेळ खेळत; घरी देवेशने त्याला ऑफिसची मिटिंग असं नाव दिलं होतं. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी वैदू, कुणी चोर, आणि चौथ्याने, म्हणजे देवेशने, त्यांच्याभोवतीची सगळी दुनिया चालवायची. पूर्वी लोक यासाठी खरंच एका टेबलाभोवती बसत, आता टेबल ब्राउझरमध्ये आलं होतं. पडद्यावर नकाशा, नकाशावर माणसांची गोल टोकनं, एका बटणावर घरंगळणारे वीस बाजूंचे फासे, आणि जिथे अजून कुणी पोचलेलं नाही तिथे काळं धुकं. धुकं कधी आणि किती पुसायचं हे देवेशच्या हातात. वाटेत भेटणारे पहारेकरी, चेटकिणी, व्यापारी, सगळ्यांच्या तोंडचं बोलणंही त्यानेच बोलायचं. कॅमेरा कुणी लावत नसे. चेहरे दिसले की मजा जाते, असं क्षितिजाचं म्हणणं. नुसते आवाज, आणि जो बोलेल त्याच्या नावाभोवती हिरवी कड. त्या दिवशी देवेशच्या हेडफोनची वायर तुटलेली होती. धामणकर नाक्यावरच्या दुकानदाराने "मंगल को ले जाना, भाई" म्हणून तो ठेवून घेतलेला, म्हणून लॅपटॉपचाच स्पीकर आणि लॅपटॉपचाच माइक. तेवढ्यात तो काम करतो त्या गोदामातून हरेशचा फोन आला, चार नंबरच्या डॉकवर गाडी अडली होती. खोलीत रेंज येत नाही म्हणून देवेश "दोनच मिनिटं" म्हणत बाहेर धावला आणि माइक बंद करायचा राहिला. पडद्यावर त्या वेळी बांधकऱ्याचं टोकन होतं. मग हिरवी कड उजळली आणि कुणीतरी म्हणालं, "देवा, बोंबील गरम हाईत र." तिघांनी ओळखलं, बांधकरी आला. आणि तिघांनी त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

बांधकरी हा देवेशच्या करामतीचा कळस होता. समुद्रकाठचं एक गाव, गावाला वाचवणारा मातीचा बांध, आणि तो राखणारा एक लबाड म्हातारा, ज्याने खोक्यांच्या राजाला बांध विकून टाकलाय. खोक्यांचा राजा येतो आणि शेतावर मोठमोठी बंद खोकी ठेवून जातो. पुण्याच्या क्षितिजाला ही कल्पना अफाट वाटली होती. तिला भिवंडीकडच्या अंजूरच्या रस्त्यावरून एकदा नेऊन आणलं असतं, तर दोन्ही बाजूंच्या गोदामांत तिला खोकीच खोकी दिसली असती. पण देवेशने आपण अंजूरला राहतो हे कुणाला सांगितलंच नव्हतं. ठाणे, म्हणाला होता. सार्थकने ठाण्यात कुठे म्हणून विचारलं, तेव्हा "खाडीच्या बाजूला" म्हणाला. ते खोटं नव्हतं, फक्त बाजू दुसरी होती. आणि बांधकऱ्याचा आवाज? तो देवेशने कुठूनही शोधून आणला नव्हता. तो जिन्याखालून रोज येत होता. हाय, न्हाय, आयला, गेला. दर रविवारी तो घसा थोडा घोगरा करून ते बोले, आणि तिकडे हसून पुरेवाट. टोकनवर फोटोसुद्धा बाबांचाच होता, भावनाच्या, म्हणजे बहिणीच्या, हळदीतला. कपाळाला हळद, डोळे अर्धे मिटलेले. गोल कापून त्याखाली त्याने नाव टाइप केलं होतं: लबाड बांधकरी.

आत जायचं होतं. आत जाऊन "अरे, हे माझे वडील आहेत" एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की मागच्या सगळ्या रविवारांचं काय करायचं? आणि मग तो फोटो, ते ठाणे, ते नाव. देवेशचा पाय उंबऱ्यापाशी आला आणि तिथेच राहिला. गॅलरीतल्या लाद्या तापल्या होत्या, तळवे भाजत होते, तरी तो हलला नाही. आत सार्थक आता स्वतःच तसं बोलायला लागला होता, ओढूनताणून, "आनि पोराला काय दिलंत वो, बांधकरी?" आणि देवेशला कुणीतरी कानाखाली दिल्यासारखं वाटलं. कारण सार्थक ते देवेशकडूनच शिकला होता.

"पोराला मी कय देनार?" बाबा म्हणाले. त्यांना त्या आवाजात काही खोट दिसली नाही. कुणीतरी आपल्याच बाजूचा माणूस भेटला अशा आपुलकीनेच ते बोलत होते. "त्याला नोकरी लागली, त्याच गोदामात. आमचा उघाडीपासला शेत व्हता ना, तिथंच आता त्याचा टेबल हाय. मी सांगितला त्याला, पाय नीट ठेव, खाली तुजा आजा राबलाय."

या वेळी कुणी हसलं नाही. विनिता हळूच "बापरे" म्हणाली. मग क्षितिजाने, जरा दबून, बांध कसा राखायचात ते विचारलं, आणि बाबा खुर्चीत पहिल्यांदा मागे टेकले. पिठोरीचा उधान, ते म्हणाले, दुपारचा टाईम. खाडीचा पानी फुगला न बांधाला खांड गेली, भगदाडच, ह्या दाराएवरी. माती टाकली का वाहून जायाची. मंग मी न माजा भाव चिंधू, दोघं पाठ लावून उभं राह्यलो खांडीत. पाठीवर खाडी, पुडं बाया टोपल्या वतताहेत. तीन तास. चिंधू सारका हसवीत व्हता. म्हने, तुलशा, तुजी चड्डी गेली बघ वसईला. लॅपटॉपमधले तिघं खदखदून हसले आणि बाबाही हसले, खोकला येईपर्यंत. देवेशने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, म्हणजे सुरुवात शंभरदा ऐकली होती. खांड गेली इथपर्यंत आलं की तो फोन काढायचा. चिंधूकाका चड्डीबद्दल काही म्हणाला होता, हे त्याला आज तीन परक्या माणसांबरोबर कळलं.

मग बाबा उठले. "चला, बरा वाटला. पोऱ्या आला का बगतू," असं म्हणून त्यांनी लॅपटॉपला हात जोडले. देवेश झटकन मागे सरला, गॅलरीच्या कठड्याशी गेला आणि बंद फोन कानाला लावून "हां हां, सील चेक कर" असं काहीबाही बोलू लागला. बाबा मागून आले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुजी हाफिसातली मानसं चांगली हाईत," ते म्हणाले. "मला बांधकरी म्हनतात. तूच सांगितलास वाटता, मी बांधावर व्हतो म्हून?" देवेशने फोन कानावरून न काढता मान हलवली. हो म्हणून हलवली. बाबांचा चेहरा असा काही उजळला, की देवेशला दुसरीकडे बघावं लागलं.

खोलीत तो येऊन बसला तेव्हा खुर्ची अजून गरम होती. तिघं एकदम बोलत होते. सार्थक म्हणत होता, आज तू कहर केलास. विनिता म्हणाली, त्या टेबलाच्या वाक्याला माझ्या अंगावर काटा आला. क्षितिजाने तर कुठे लिहून आणलं होतंस का म्हणून विचारलं. इथे एक फट होती. इथून आत शिरता आलं असतं. देवेशने तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "नाही गं, असंच सुचलं." एवढ्यावर थांबता तरी आलं असतं. पण माणूस एकदा घसरला की आपण मुद्दामच घसरतोय असं दाखवायला जातो. त्याने घसा घोगरा केला आणि म्हणाला, "हाय का न्हाय?" तिघंही हसले, आणि बोंबील ताटलीत तसेच गार होत गेले.

सोमवारी सकाळी तो गोदामात आपल्या टेबलाशी बसला आणि पहिल्यांदा त्याचं लक्ष पायांकडे गेलं. खाली राखाडी कोबा, त्यावर पिवळे पट्टे, पलीकडे छतापर्यंत रॅक. शिफ्टची पोरं हातातलं यंत्र खोक्यांवर धरून टीं टीं करत फिरत होती. उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं ते लाकडी दार, आता बहुतेक सहा नंबरच्या डॉकपाशी येत असावं. लहानपणी तो तिथे चिवण्या, खाडीतले ते बारीक मासे, पकडायचा. हे सगळं त्याला माहीतच होतं, ते काही नव्याने कळलं नव्हतं. पण माहीत असणं वेगळं, आणि आपल्या बापाने ते परक्यांना सांगावं नि त्याचं कौतुक आपण खिशात घालावं, हे वेगळं. त्याला दिवसभर पाय टेकवून बसवेना. हरेशने विचारलंही, "पायाला लागला का कय र?" देवेश नाही म्हणाला, शुद्ध मराठीत. हरेश त्याच्याच गावचा, तरी त्याच्याशीही तो तसंच बोलायचा.

ही सवय कॉलेजातली. ठाण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत तो "न्हाय सर" म्हणाला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकाने चष्म्यावरून बघत "न्हाय?" असं विचारलं आणि रांगेतली पोरं हसली. वाईट हसणं नव्हतं ते, जरा गंमत वाटली इतकंच. पण देवेश त्या दिवसापासून कशेळीहून घरी येताना रिक्षात ओठांतल्या ओठांत घोकत यायचा: नाही, आहे, पाणी, डोळा. वर्षभरात जीभ वळली. वळली ती अशी, की आईशी बोलतानाही सरळ होईना. आई, म्हणजे कमळाबाई, एकदा म्हणाल्याच, "आमचा देवा बातम्या देतंय." आणि गंमत बघा, याच देवेशने त्याआधी घरात नकला करून सगळ्यांना लोळवलं होतं. हळदी असोत, बारसं असो, कुणीतरी म्हणणारच, तुलशीचा आवाज काड. मग तो बाबांचं चालणं, बोलणं, विडी शोधणं करून दाखवायचा, आणि सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसायचे. "माजा आवाज माज्या पोऱ्याकडं हाय," असं पाहुण्यांना सांगायचे. तोच आवाज, तीच नक्कल. अंगणात ती माया होती. खाडी ओलांडून पलीकडे गेली आणि तिचं हे झालं. देवेशला स्वतःची किळस आली, अगदी साधी, खरकट्यात हात गेल्यावर येते तशी.

मंगळवारी हेडफोन आला. बुधवारी ग्रुपवर क्षितिजाने लिहिलं, या रविवारी बांधकरी पाहिजेच, मी त्या खांडीचं चित्र काढतेय. सार्थकने खाली चड्डीवाला विनोद लिहिला. आणि घरात, गुरुवारी जेवताना, बाबांनी भात कालवता कालवता विचारलं, "आयतवारी हाय ना तुजी मिटिंग?" "आहे," देवेश म्हणाला. शनिवारी त्यांनी दाढी करून घेतली. आईने सांगितलं, नातीच्या बारशाला शिवलेला शर्ट इस्त्रीला दिलाय. "त्यांना चिंधूचा दुसरा किस्सा सांगायचाय," बाबा म्हणाले. चिंधूकाका जाऊन चार वर्षं झाली होती. बांधावरची बाकीची माणसंही एकेक करून गेली. जी उरली त्यांच्यापाशी बंगला होता, गाडी होती, गुडघेदुखी होती, पण उधाणाच्या गोष्टीला कान नव्हते, कारण प्रत्येकापाशी स्वतःची तीच गोष्ट होती. आणि ज्यांच्यापाशी ती नव्हती, ते फोन काढत. बाबांना आयुष्यात पहिल्यांदा अशी माणसं भेटली होती, जी पुढे काय झालं ते विचारत होती. ती माणसं आता देवेशच्या हातात होती, त्या काळ्या धुक्यासारखीच, पुसायचं की ठेवायचं.

रविवारी दोन वाजता त्याने खोलीचं दार लावून घेतलं, हेडफोन चढवला आणि ठरवलं की आज बांधकऱ्याला मारून टाकायचं. एक वादळ आणायचं, बांध फुटेल, म्हातारा वाहून जाईल, प्रश्नच मिटेल. बाबांना सांगायचं, मिटिंग रद्द झाली. पण तिघंही आल्या आल्या बांधकऱ्याच्या झोपडीकडेच निघाले. "नमस्कार बांधकरी," क्षितिजा म्हणाली, "उधाण येतंय. खांड कुठे जाईल, सांगा." देवेशने घसा घोगरा केला. "खांड ना? ती कय, जाईल तिकडं जाईल." कुणी हसलं नाही. त्याने परत काही केलं, हाय घातला, न्हाय घातला. हिरवी कड उजळत होती आणि विझत होती. "काय झालं रे आज?" सार्थकने विचारलं. "मागच्या वेळचा म्हातारा खरा वाटत होता. हा नुसता तू बोलतोयस असं वाटतंय."

हेडफोनच्या बाहेर, दाराच्या पलीकडे, बाबा खाकरले. जिन्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ते पाऊण तासापासून बसले होते, हाक येण्याची वाट बघत. देवेशला नवीन शर्टाच्या इस्त्रीचा वाससुद्धा येतोय असं वाटलं, जरी दार बंद होतं. त्याने माइक तोंडाजवळ ओढला.

"मागच्या वेळी तो मी नव्हतो," तो म्हणाला. "माझे वडील होते."

मग सार्थक म्हणाला, "म्हणजे ते सगळं... बांध, सही?"

"खरं आहे. मी ठाण्यात नाही राहत. भिवंडीत, अंजूरला. तो फोटोही त्यांचाच आहे."

"आम्ही त्यांना पोराबद्दल विचारलं, देवेश," क्षितिजा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी त्यांना हसत होते. तू कुठे होतास तेव्हा?"

"दारात," देवेश म्हणाला.

एवढं बोलून झाल्यावर खरं तर हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. उलट लाज आता चौघांत वाटली गेली होती आणि प्रत्येकाला पुरून उरत होती. "ते बाहेर बसलेत," तो म्हणाला. "तुमच्याशी बोलायला. बोलवू?" हो, हो, बोलव ना, असं तिघंही घाईने म्हणाले. त्याने आधी टोकनखालचा लबाड हा शब्द पुसला, हेडफोनची वायर काढली, आणि दार उघडलं.

बाबा आले. या खेपेला त्यांनी चष्मा आणला होता. खुर्चीत नीट मागे सरकून बसले, पडद्याकडे वाकून बघितलं. "हा मीच ना? भावनीच्या हळदीचा," ते म्हणाले. "ही खाली हिरवी पट्टी कसली?"

"जीव किती उरलाय ते कळतं."

"पुरा हाय," बाबा समाधानाने म्हणाले. मग लॅपटॉपला हात जोडून, "रामराम."

"नमस्कार काका," क्षितिजा म्हणाली. "कसे आहात?" विनितानेही नमस्कार केला. सार्थकने तब्येत विचारली, जेवण झालं का विचारलं. सगळे आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे बोलत होते, हळू आणि जपून. त्या दिवशीची थट्टामस्करी कुठेच नव्हती. कुणी बांधकरी म्हटलं नाही. बाबांनी थोडं थांबून बघितलं आणि मग आपणच सुरुवात केली. चिंधूचा दुसरा किस्सा, खेकडा आणि तलाठ्याची वहाण. नव्या शर्टाच्या बाह्या सावरत, हात नाचवत त्यांनी तो सांगितला, आणि हसायच्या जागी येऊन थांबले. हीच ती जागा होती. तिथे घरातलं कुणीही हसलं असतं. मग सार्थक म्हणाला, "खूप सोसलंत, काका, तुम्ही लोकांनी." क्षितिजा म्हणाली, "सॉरी, काका." कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही.

बाबांनी हात खाली घेतले. चष्म्यातून पडदा न्याहाळला, स्पीकरच्या बारीक भोकांकडे बघितलं, आणि मग देवेशकडे वळून, त्यांना वाटलं तेवढ्या हळू आवाजात, विचारलं, "आज यांना कय झाला र? त्या दिसा चांगले हसत व्हते."

"रेंज न्हाय, बाबा," देवेश म्हणाला, आणि ते घोगरं नव्हतं, नक्कल नव्हती. कित्येक वर्षांनी ते तसंच तोंडातून आलं. माइक चालूच होता. तिकडे तिघांनीही ते ऐकलं असणार, तेही आणि त्यातलं खोटंही.

"मंग नीट लाव," बाबा म्हणाले, आणि कॉलर सारखी करून तिथेच बसून राहिले.